लँकेस्टरच्या मेनोनाइट वस्तीत डॉक्टर म्हणून रुजू होण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपूरला एमबीबीएस, अमेरिकेत फॅमिली मेडिसिनची रेसिडेन्सी, आणि आता पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीत, एफ्राटा आणि न्यू हॉलंडच्या मधल्या पट्ट्यात पहिली नोकरी. रुग्णांमध्ये मेनोनाइट बरेच असतील असं तुम्हाला सांगितलं गेलंय. हे लोक म्हणजे अमिशच का, आधुनिक औषधोपचार ते नाकारतात का, त्यांच्या घरात निर्णय कोण घेतं, आणि टिकली लावणाऱ्या हिंदू डॉक्टरवर ते विश्वास ठेवतील का? मी याच पट्ट्यात बालरोगतज्ज्ञ आहे. माझ्याकडे तान्ही असताना आलेली काही मुलं आता स्वतःची बाळं घेऊन येतात. तेव्हा उत्तर लांबणार, निवांत वाचा.

आधी मुद्द्याचं सांगते. बाहेरच्या माणसाची नजर पहिल्यांदा त्यांच्या नियमांवर जाते: घोडागाडी, टोपी, टीव्ही नाही, इंटरनेट नाही. ही यादी पाठ करून फारसं काही हाती लागत नाही, कारण शेजारशेजारच्या दोन शेतांवर दोन वेगळ्या मंडळ्यांची, म्हणजे चर्च-समूहांची, कुटुंबं राहतात आणि त्यांचे नियम वेगळे असतात. लक्षात ठेवायचा तो त्या सगळ्यांच्या मुळाशी असलेला एक प्रश्न. कुठलीही नवी वस्तू दारात आली की हे लोक विचारतात, हिच्यामुळे आपण एकमेकांना दुरावू का? ती वस्तू पापी आहे म्हणून कुणी ती नाकारत नाही. दवाखान्यातलं त्यांचं बरंचसं वागणं याच प्रश्नातून उलगडतं.

आता अमिशांचं. दोघांचं मूळ एकच. १५२५ साली झुरिकमध्ये काही तरुणांनी एकमेकांना प्रौढपणी बाप्तिस्मा दिला. श्रद्धा समजून-उमजून स्वीकारायची असते, तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी घालून ती येत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. पण तेव्हा बाप्तिस्मा राज्यव्यवस्थेशी जोडलेला होता, त्यामुळे हे म्हणणं थेट राजद्रोह ठरलं. फेलिक्स मान्झ याला १५२७ मध्ये झुरिकच्याच लिमात नदीत बुडवून मारलं. पुढे १५३६ मध्ये मेनो सायमन्स हा फ्रिसलंडचा कॅथलिक धर्मगुरू त्यांना येऊन मिळाला आणि विखुरलेल्या लोकांना त्याने एकत्र बांधलं. त्याच्या नावावरून मेनोनाइट. १६९३ मध्ये याकोब अमानच्या मागे जे वेगळे झाले ते अमिश.

या इतिहासातली एक गोष्ट तुम्हाला इथल्या घराघरात ऐकायला मिळेल. १५६९ साली हॉलंडमध्ये डिर्क विलेम्स नावाचा असाच एक माणूस कैदेतून पळाला. पाठलाग करणारा शिपाई गोठलेल्या तळ्याचा बर्फ फुटून पाण्यात पडला. डिर्क मागे फिरला, त्याने शिपायाला बाहेर काढलं, आणि त्यामुळेच तो पकडला गेला. त्याला जिवंत जाळण्यात आलं. इथल्या मुलांना ही गोष्ट लहानपणापासून माहीत असते आणि ती नुसती गोष्ट म्हणून राहत नाही. हे लोक सैन्यात जात नाहीत, न्यायालयात शपथ घेत नाहीत आणि सहसा कुणावर दावा लावत नाहीत. डॉक्टरवरही नाही. नव्या डॉक्टरांना हे कळलं की काहींचा खांदा नकळत सैल पडतो, आणि मला त्याची चीड येते. जो रुग्ण तुम्हाला कोर्टात खेचणार नाही, त्याच्या बाबतीत तुमच्यावर लक्ष ठेवणारं दुसरं कुणी नसतं. त्याच्या फाइलवर मी दुप्पट काळजी घेते.

आपल्या भागात दोघांमधला फरक रस्त्यावरच दिसतो. करड्या रंगाची घोडागाडी अमिशांची, काळी गाडी मेनोनाइटांची. लग्न झालेला अमिश पुरुष दाढी राखतो, मेनोनाइट शक्यतो गुळगुळीत दाढी करतो. अमिश बाईचा पोशाख एकरंगी, मेनोनाइट बाईच्या कापडावर बारीक फुलं किंवा ठिपके. अमिशांची रविवारची उपासना आळीपाळीने घरात होते. मेनोनाइटांची प्रार्थनागृहं असतात, साधी, आत ना वेदी, ना रंगीत काचा. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, आणि वाद्याशिवाय संथ जर्मन गायन.

काळ्या घोडागाडीवाल्यांना इथे वेंगर मेनोनाइट म्हणतात. अधिकृत नाव ग्रॉफडेल कॉन्फरन्स. १९२७ मध्ये मोटारीच्या प्रश्नावर मंडळी फुटली. बिशप मोझेस हॉर्निंग यांच्या बाजूच्यांनी मोटार स्वीकारली, पण काळी. बंपरचं चकाकतं क्रोमसुद्धा ते काळं रंगवत. हे वीव्हरलँड कॉन्फरन्सवाले. घोडा न सोडणारे ते वेंगर. तुमच्या वेटिंग रूममध्ये हे दोन्ही असतील, शिवाय अमिश असतील, आणि चौथा एक मोठा गट असेल जो तुम्हाला ओळखूच येणार नाही: जीन्समध्ये येणारे, विद्यापीठात शिकवणारे, काही ठिकाणी बायका पाळक असलेले आधुनिक मेनोनाइट. तुमच्या क्लिनिकमधली एखादी सहकारी डॉक्टरही मेनोनाइट निघेल. 'मेनोनाइट' एवढ्या एका शब्दावरून कुणाबद्दल काही गृहीत धरू नका.

वेंगरांच्या ट्रॅक्टरबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तो मूळ प्रश्न कसा काम करतो हे त्यात सगळ्यात स्पष्ट दिसतं. शेतात ट्रॅक्टर चालतो, पण त्याला पोलादी चाकंच हवीत. रबरी टायर लावला की उद्या तोच ट्रॅक्टर गावात सामान आणायला जाईल, परवा दुसऱ्या गावी, आणि मोटार नाकारली त्याला काही अर्थ उरणार नाही. पोलादी चाकाचा ट्रॅक्टर शेतातच बरा वाटतो. घरात वीज आहे, फोन आहे, दूध थंड ठेवायची टाकी आहे. टीव्ही आणि संगणक नाहीत. सायकल आहे, आणि तीही गिअरची, कारण सायकलने माणूस घरापासून फार लांब जात नाही. या पोलादी चाकांनी डांबरी रस्ते खराब होतात म्हणून आयोवातल्या मिचेल काउंटीने २००९ मध्ये बंदी घातली होती. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१२ मध्ये निकाल त्यांच्या धर्मस्वातंत्र्याच्या बाजूने लागला. लँकेस्टरमध्ये जमिनीचे भाव परवडेनासे झाले तशी ही कुटुंबं आयोवा, मिसुरी, न्यूयॉर्क राज्याचा उत्तर भाग अशी पांगली. म्हणून तुमच्या रुग्णाची बहीण हजार मैलांवर राहत असेल, आणि तरी तिच्या बाळाच्या तब्येतीची बित्तंबातमी तुमच्या रुग्णाला पत्राने कळलेली असेल.

हे नियम ठरवतं कोण? वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, सगळे धर्मसेवक एकत्र बसतात आणि नंतर मंडळीतल्या प्रत्येकाला विचारलं जातं: तुमचं देवाशी आणि माणसांशी सख्य आहे का? त्यानंतरच प्रभुभोजन होतं आणि जोडीजोडीने एकमेकांचे पाय धुतले जातात. भांडण मिटलं नसेल तर ते आधी मिटवायचं. पाळक निवडायची पद्धत तर मला फार विचार करायला लावणारी वाटते. मंडळीतले लोक नावं सुचवतात. जितकी नावं, तितकी भजनाची पुस्तकं टेबलावर मांडतात. एकात चिठ्ठी असते. प्रत्येक उमेदवार एक पुस्तक उचलतो. ज्याच्या पुस्तकात चिठ्ठी निघते तो त्या क्षणापासून आयुष्यभर पाळक. पगार नाही, धर्मशिक्षणाची पदवी नाही, शेती चालूच. अशी चिठ्ठी निघालेल्या एका शेतकऱ्याची पत्नी दुसऱ्याच आठवड्यात मुलाच्या तपासणीला आली होती. अभिनंदन करावं असं मला वाटलं होतं, पण तिचा चेहरा बघून मी गप्प राहिले. ती म्हणाली, "आता आमचा रविवारही गेला आणि झोपही." पद मागायचं नसतं आणि आलं तर टाळायचं नसतं, हे त्यांच्यात अगदी खोल मुरलेलं आहे. म्हणूनच दवाखान्यातही ते तक्रार करत नाहीत. वेदना किती, असं विचारलं की "तशी थोडी आहे" म्हणतात, आणि क्ष-किरणात हाड मोडलेलं निघतं. दहापैकी किती दुखतं हे विचारून काही कळत नाही. मी विचारते, आज सकाळी दूध काढायला गेला होतात का? "नाही" आलं की मी हातातलं काम बाजूला ठेवते.

घरातला दिवस पहाटे साडेचार-पाचला गोठ्यात सुरू होतो. मुलं पाच-सहा वर्षांची झाली की त्यांना काम असतं: अंडी गोळा करणं, वासरांना बाटलीने दूध पाजणं. आठ-नऊ भावंडं असणं नवलाचं नाही. उन्हाळ्याच्या शेवटी बायका पीच, टोमॅटो, बीन्स, कॉर्न काचेच्या बरण्यांत भरून तळघरात शेकडो बरण्या लावतात. ऑगस्टमध्ये अपॉइंटमेंट चुकली तर कारण बहुतेक हेच असतं. शाळा आठवीपर्यंत, एका खोलीची, शिक्षिका बहुधा त्यांच्यातलीच अविवाहित तरुणी. १९७२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका अमिश खटल्यात हा हक्क मान्य केला, त्याचा आधार यांनाही मिळाला. आठवी म्हणजे अर्धशिक्षित असं समजू नका. इंग्रजी वाचन पक्कं असतं, आणि मुलाच्या आजाराबद्दल दिलेला कागद ते आपल्या अनेक पदवीधर पालकांपेक्षा नीट वाचून येतात, पेन्सिलने खुणा करून.

भाषेची एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. वेंगरांच्या घरात पेनसिल्व्हेनिया डच बोलतात, म्हणजे जर्मनची एक बोली. इंग्रजी मूल शाळेत गेल्यावर शिकतं. तीन-चार वर्षांचं मूल तुमच्या इंग्रजी प्रश्नांना उत्तर देत नाही म्हणून भाषाविकास मागे पडलाय अशी नोंद करू नका. आईला तिच्या भाषेत विचारायला सांगा आणि मूल किती शब्द जोडतं ते ऐका. घरी फक्त मराठी ऐकून पाळणाघरात गेलेल्या आपल्या मुलांच्या फाइलवर अशाच चुकीच्या नोंदी झालेल्या मी पाहिल्यात.

नावांचा घोळ होणारच. मार्टिन, झिमरमन, नोल्ट, वीव्हर, हूवर, बर्कहोल्डर: आडनावं थोडी आणि माणसं हजारो. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं, तर त्यांच्यात मधलं अक्षर बहुतेकदा आईच्या माहेरच्या आडनावाचं. एकाच दिवशी एकाच नावाची दोन मुलं लसीला येऊ शकतात. नाव, जन्मतारीख आणि शेताचा पत्ता, तिन्ही ताडून पाहिल्याशिवाय सुई हातात घेऊ नका.

आता पैसे. त्यांच्यातल्या पारंपरिक गटांकडे आरोग्य विमा नसतो. म्हातारपण, आजारपण, आग लागणं हे सगळं मंडळीने वाटून घ्यायचं असतं. विमा कंपनी आणि सरकार यांनी तो भार घेतला तर मंडळीला एकमेकांची गरज काय उरेल, असा तो विचार. १९६५ मध्ये अमेरिकन कायद्याने स्वतःचा व्यवसाय करणाऱ्या अशा लोकांना सोशल सिक्युरिटीतून, म्हणजे सरकारी पेन्शन योजनेतून, सूट दिली. त्यामुळे ते तो कर भरत नाहीत आणि त्याचे फायदेही घेत नाहीत. गोठा जळाला तर शेजारी जमून नवा उभा करतात हे पर्यटकांना ठाऊक असतं. हृदयाच्या शस्त्रक्रियेचं बिलही तसंच उभं केलं जातं, हे फार कुणाला माहीत नसतं. मोठं बिल डीकनकडे, म्हणजे मंडळीची मदत सांभाळणाऱ्या धर्मसेवकाकडे जातं आणि मंडळीच्या मदतनिधीतून भागवलं जातं.

याचा अर्थ असा, की "एमआरआय करून टाकू" हे वाक्य तुम्ही सहज उच्चारू शकत नाही. त्यांच्यासमोर तपासणीची किंमत आधी सांगा, का हवी ते सांगा, आणि नाही केली तर काय होऊ शकतं तेही सांगा. किंमत विचारणारा बाप कंजूष नसतो. तो शेजाऱ्यांच्या पैशाचा विश्वस्त म्हणून विचारत असतो. मग तो म्हणेल, "आम्ही विचार करून सांगतो." बाहेर जाऊन तो बायकोशी, वडिलांशी, कधी डीकनशी बोलेल. तातडीचं नसेल तर दोन दिवस द्या. तातडीचं असेल तर स्पष्ट शब्दांत सांगा: आज रात्री, आत्ता, नाहीतर मूल दगावेल. असं कधीतरीच आणि खरं बोलणाऱ्या डॉक्टरचं ते लगेच ऐकतात. आणि बोलताना आईकडे बघून बोला. बाप पुढे बसतो, आवाज त्याचाच असतो, पण मुलाचं काय बिनसलंय हे आईलाच ठाऊक असतं, आणि घरी गेल्यावर निर्णयही बऱ्याचदा तिच्याच शब्दावर होतो.

तेव्हा, आधुनिक औषध नाकारतात का? नाही. शस्त्रक्रिया, अँटिबायोटिक, भूल, रक्त देणं-घेणं, कशालाच धर्माची आडकाठी नाही. घरगुती उपाय मात्र आधी होतात: पाठीचा मणका दाबून बसवणारा कायरोप्रॅक्टर, तळपायाचा मसाज, जडीबुटीचा चहा. भाजल्यावर मध आणि कोरफड घातलेलं एका अमिश शेतकऱ्याचं मलम लावून वर बरडॉक या वनस्पतीची वाफवलेली रुंद पानं गुंडाळतात. लहानसहान भाजण्यावर मी त्याला विरोध करत नाही. पानं स्वच्छ आहेत का, पट्टी कधी बदलता, एवढं विचारते. खोल भाजलं असेल तर बर्न सेंटरला पाठवते, आणि मलमाबद्दल एक अवमानाचा शब्द काढत नाही. तो एक शब्द निघाला तर पुढच्या वेळी ते तुमच्याकडे येतील, पण तीन दिवस उशिरा.

आता जे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत असलंच पाहिजे ते. इथल्या जुन्या पद्धतीच्या मेनोनाइटांमध्ये मेपल सिरप युरिन डिसीज हा आजार सुमारे ३८० जन्मांत एका बाळाला होतो. बाकी जगात हे प्रमाण सुमारे १,८५,००० जन्मांत एक असं धरतात. कारण जवळच्या नात्यातली लग्नं नव्हे. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न चालतं, यांच्यात सख्ख्या चुलत-मामेभावंडांची लग्नं टाळतात. पण अठराव्या शतकात स्वित्झर्लंड आणि ऱ्हाइनकाठच्या भागातून आलेल्या मोजक्या कुटुंबांपासून हा सगळा समाज वाढला, लग्नं आतल्या आत होत राहिली, आणि त्या मोजक्यांपैकी कुणाकडे असलेला जनुकदोष आज शेकडो घरांत आहे. या बाळांना ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन ही अमिनो आम्लं पचवता येत नाहीत. ल्युसिन साचतं, मेंदूला सूज येते. बाळ पहिले दोन दिवस छान असतं, मग दूध ओढेनासं होतं, पाठ ताठ करतं, आणि कानातल्या मळाला जळक्या साखरेसारखा गोडसर वास येतो. घरातल्या आज्या हा वास ओळखतात. आजीने "वास येतोय" म्हणून फोन केला तर तो फोन कुठल्याही प्रयोगशाळेच्या अहवालाइतका गंभीर माना आणि लगेच ल्युसिनसाठी रक्त घ्या. ज्या घरात आधीचं मूल आजारी आहे तिथे जन्मानंतर चोवीस तासांच्या आत.

या आजाराचं निदान झालेल्या घरी एकदा जाऊन याच. गोठ्यात चाळीस-पन्नास गाई, टाकीत हजारो लिटर दूध, आणि या मुलाला त्यातला कप भरूनही चालत नाही. मांस नाही, अंडं नाही, चीज नाही. ओट्यावर ग्रॅमचा काटा असतो. बटाटा, भात, मटार सगळं मोजून. शेजारी खास पावडरचा डबा, ज्यातून ती तीन अमिनो आम्लं वगळलेली असतात. फ्रिजवर तक्ता. आई लघवीत डीएनपीएच या रसायनाचे थेंब टाकून ती गढूळ होते का ते बघते, आणि गढूळ झाली की मला फोन. आठवी शिकलेली ही बाई ल्युसिनचे आकडे मला तोंडपाठ सांगते. साधा फ्लू आला तरी चोवीस तासांत मूल कोमात जाऊ शकतं, हे तिला रेसिडेंटपेक्षा चांगलं कळतं. म्हणून तुमच्या क्लिनिकच्या फोनवर बसणाऱ्या मुलीला पहिल्याच आठवड्यात शिकवा: या मुलांच्या आईचा फोन कधीही होल्डवर ठेवायचा नाही.

स्ट्रासबर्ग गावात १९८९ मध्ये डॉ. होम्स मॉर्टन आणि त्यांच्या पत्नी कॅरोलाइन यांनी अशा मुलांसाठी क्लिनिक फॉर स्पेशल चिल्ड्रन सुरू केलं. त्याची पहिली इमारत अमिश आणि मेनोनाइट सुतारांनी हातांनी उभी केली, आणि दरवर्षीच्या लिलावांतून क्लिनिकला पैसा मिळतो: गोधड्या, फर्निचर, घोडागाड्या, ॲपल पायसारखे गोड पाय, डोनट. एकेकाळी या आजाराची अनेक बाळं दगावत किंवा मेंदूला कायमची इजा होऊन जगत. आज बहुसंख्य मुलं शाळेत जातात. यकृत-प्रत्यारोपण केलेली काही मुलं तर भावंडांबरोबर साधं जेवण जेवतात. आनुवंशिक तपासणीला हे लोक तयार होतात का, असं मला वारंवार विचारतात. होतात, जर तिचा उपयोग बाळाला वाचवण्यासाठी असेल. गर्भपाताच्या दिशेने बोलणं गेलं की दार बंद होतं. मी हा विषय त्या बाजूने काढत नाही. बाळ जन्मल्यावर पहिल्या दिवशी काय करायचं यासाठी तपासणी, एवढंच बोलते, आणि ते मनापासून ऐकतात.

लसीबद्दल मनात स्पष्टता ठेवा. मेनोनाइट श्रद्धेत लसीला बंदी नाही. तरीही अनेक घरांत लसी अर्धवट असतात. कुणाच्या पुतण्याला लसीनंतर झटके आले होते अशी एखादी गोष्ट पत्रांतून फिरते आणि तिचा परिणाम कुठल्याही छापील पत्रकाहून जास्त होतो. २०२५ मध्ये टेक्सासच्या गेन्स काउंटीत गोवर पसरला तो मुख्यतः अशाच एका मेनोनाइट वस्तीत, जिथे लसीकरण कमी होतं. रशिया, कॅनडा, मेक्सिको असा प्रवास करून आलेले ते वेगळ्या परंपरेचे, वेगळी बोली बोलणारे लोक आहेत. लँकेस्टरवाल्यांशी त्यांचा रोजचा संबंध नाही. राज्यात ७६२ रुग्ण नोंदले गेले आणि दोन लहान मुली गेल्या. दोघींनाही लस दिलेली नव्हती. मी वाद घालत नाही. प्रत्येक भेटीत एकच लस, एकच वाक्य: "माझ्या मुलीला मी ही दिली आहे. आज एवढी एक घेऊया का?" नाही म्हणाले तर पुढच्या भेटीत पुन्हा तितक्याच सौम्यपणे. आधी धनुर्वाताची लस घेतात, कारण खिळा आणि शेण त्यांना रोज दिसतं. तिथून दार उघडतं.

अपघात बघून हात थरथरतात असे दिवस येतील. गोठ्याच्या माळ्यावर जमिनीला एक भोक असतं, वरून गवत खाली जनावरांपुढे टाकायला. गवताखाली ते दिसत नाही आणि तीन वर्षांचं मूल त्यातून दहा फूट खाली काँक्रीटवर पडतं. तपासणीला आलेल्या प्रत्येक शेतकरी बापाला मी विचारते, भोकावर झाकण आहे का? सुरक्षा म्हणून उपदेश केला तर मान हलवतात; "झाकण कोण बनवून देईल?" असं विचारलं तर पुढच्या महिन्यात तिघांच्या गोठ्यांवर झाकण बसलेलं असतं.

आणि एक विषय, जो पाहुण्यांना रंगवून सांगितल्या जाणाऱ्या चित्रात कधी नसतो. क्षमा हा या समाजाचा कणा आहे. त्याच क्षमेच्या नावाखाली घरातला अत्याचार दाबला जाऊ शकतो: ज्याने केलं त्याने मंडळीपुढे गुडघे टेकून पश्चात्ताप व्यक्त केला, मंडळीने क्षमा केली, आणि मुलीने आता तो विषय काढायचा नाही. बोलिव्हियातल्या मॅनिटोबा कॉलनीत बायकांना आणि मुलींना रात्री गुंगीचा फवारा मारून केलेले बलात्कार अनेक वर्षं सैतानाचं किंवा कल्पनेचं काम म्हणून उडवून लावले गेले. २०११ मध्ये तिथल्या न्यायालयाने पुरुषांना शिक्षा केली. सगळ्या मेनोनाइटांना या मापाने मोजणं अन्यायाचं होईल. मी इथे जितके कोवळ्या मनाचे बाप पाहिलेत तितके क्वचितच कुठे पाहिले असतील. पण मुलाच्या अंगावरच्या खुणा किंवा मुलीचं अचानक गप्प होणं बघून डोळे फिरवू नका. पेनसिल्व्हेनियात संशय आला तरी कळवणं डॉक्टरवर कायद्याने बंधनकारक आहे. डीकनने "आम्ही मिटवलंय" म्हटलं तरी कळवायचं, आणि त्याच्या तोंडावर सांगून कळवायचं, पाठीमागून नाही. असं केल्यावर एक कुटुंब माझ्याकडून गेलं, परत आलं नाही. तरी मी पुन्हा तेच करीन. काही वर्षांनी त्याच मंडळीतली दुसरी एक आई आपणहून आली आणि दार लावून घेऊन बोलली.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, टिकलीचा. वेंगरांना तुमच्या धर्माचं फारसं काही वाटणार नाही. स्वतः वेगळा पोशाख घालणारे लोक दुसऱ्याच्या वेगळ्या पोशाखाकडे रोखून बघत नाहीत. धर्मप्रसारही ते करत नाहीत. मिशन, संडे स्कूल असल्या नव्या गोष्टी नकोत म्हणूनच १८९३ मध्ये त्यांचे पूर्वज इथल्या मोठ्या मंडळीतून वेगळे झाले. आधुनिक मेनोनाइट मात्र तुम्हाला भारताबद्दल विचारतील, आणि नागपूर म्हटलं की एखादी आजी लगेच विचारेल, "धमतरी जवळ आहे का तिथून?" दचकू नका. १८९७च्या दुष्काळात अमेरिकेतल्या मेनोनाइटांनी भारतात धान्य पाठवलं होतं, आणि १८९९ मध्ये त्यांच्या मिशनने धमतरीत काम सुरू केलं, जे तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात होतं. धमतरीचं ख्रिश्चन हॉस्पिटल त्यातूनच उभं राहिलं. कुणाची तरी आत्या तिथे नर्स होती, कुणाच्या घरात छत्तीसगडचा पितळी तांब्या अजून आहे. शेजारच्या ॲक्रन गावात मेनोनाइट सेंट्रल कमिटी या मदतसंस्थेचं अमेरिकेतलं मुख्यालय आहे. १९२० मध्ये युक्रेनमधल्या भुकेल्यांसाठी ती सुरू झाली. मांस डबाबंद करणारं तिचं फिरतं यंत्र हिवाळ्यात इकडे आलं की घोडागाडीवाले आणि मोटारवाले एकाच रांगेत उभे राहून डबे भरतात. जमलं तर एखादा दिवस तुम्हीही जा. मांस हाताळायचं नसेल तर डब्यांवर लेबलं चिकटवायलाही माणसं लागतात.

किरकोळ गोष्टी. बाईची पांढरी जाळीची टोपी तपासताना काढावी लागली तर आधी विचारा आणि स्वतःच्या हाताने ओढू नका. फोटो काढू नका. त्वचेच्या चट्ट्याचा हवा असेल तर चेहरा न घेता, परवानगीने. लग्नं बहुधा मंगळवारी किंवा गुरुवारी असतात, तेव्हा शरदात त्या दिवशी दवाखाना रिकामा दिसला तर काळजी नको. पार्किंगमध्ये घोडा बांधायला दांडा आहे का ते मालकांना विचारा, नसेल तर बसवायला लावा. आणि पहिल्या हिवाळ्यात कुणी घरचा गोड पाय किंवा बीटात मुरवलेली लाल अंडी आणून दिली तर घ्या. अंडं खात नसाल तर तसं सरळ सांगा, पुढच्या वेळी सफरचंदाचं बटर येईल.